बी साइडवरची माणसं

मंडळी, आज सुरुवातीलाच एक कोडं. बीटल्सचं असं एक गाणं सांगा, ज्यात चौघांपैकी एकानेही एकही वाद्य वाजवलेलं नाही आणि ज्यातलं सगळं वादन आपल्या मुंबईत, फोर्टमध्ये, एचएमव्हीच्या स्टुडिओत झालंय!

गूगल करू नका. उत्तर आहे 'द इनर लाइट'. गाणं जॉर्ज हॅरिसनचं. लांबी जेमतेम अडीच मिनिटं. १५ मार्च १९६८, शुक्रवारी ते इंग्लंडमध्ये बाजारात आलं, 'लेडी मॅडोना'च्या पाठीवर बसून. पाठीवर बसून म्हणजे अक्षरशः. ज्यांनी कॅसेटसुद्धा पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. त्या काळात गाणी विकत घ्यायची ती 'सिंगल'वर. सात इंची छोटी तबकडी, मिनिटाला ४५ फेरे. एका बाजूला ज्याच्यासाठी लोक पैसे मोजणार ते गाणं, ती ए साइड. तबकडी उलटली की दुसरं गाणं, ती बी साइड. लग्नात नवरदेवाबरोबर करवला असतो ना, तसं. जेवण दोघांनाही मिळतं, फोटो एकाचेच निघतात.

गंमत म्हणजे ह्या करवल्याची गोष्ट नवरदेवापेक्षा भारी आहे. आणि ती आपल्या घराजवळची आहे.

तर थोडं मागे जाऊ. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये 'नॉर्वेजियन वुड' ह्या गाण्यात हॅरिसनने सतार वाजवली. वाजवली म्हणजे काय, सूर शोधत शोधत काढली. पण नाद लागला तो लागलाच. एप्रिल १९६६ मध्ये त्याने 'लव्ह यू टू' हे गाणं केलं तेव्हा त्याला खरा तबलजी हवा होता. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, ती चालवणारे अयना अंगडी मूळचे कर्नाटकातले. त्यांनी एका तरुण तबलावादकाला विचारलं, संध्याकाळी मोकळा आहेस का? मोकळा होता. न्यायला चक्क रोल्स रॉइस आली, आणि स्टुडिओच्या दारात पोरींचा घोळका बघितल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण कोणासाठी वाजवणार आहोत! ह्या तबलजीचं नाव अनिल भागवत. होय, भागवत. 'रिव्हॉल्व्हर' ह्या एलपीच्या कव्हरवर त्याचं नाव छापलेलं आहे. पुढे अनेक वर्षांनी त्याने सांगितलं की कव्हरवर नाव आलं ह्याचा त्याला खरोखर अभिमान वाटतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्याच वर्षी, १९६७ च्या मार्चमध्ये, 'सार्जंट पेपर'साठी हॅरिसनने 'विदिन यू विदाउट यू' केलं. लंडनमध्ये राहणारे भारतीय वादक परत बोलावले गेले: दिलरुबा, तंबोरा, तबला. ह्यावेळी कव्हरवर नावं आली नाहीत. त्या कव्हरवर कार्ल मार्क्स आहे, मर्लिन मन्रो आहे, आपले परमहंस योगानंदसुद्धा आहेत. वादक मात्र नाहीत. ते कोण होते हे जगाला कळलं २०१७ मध्ये, लिव्हरपूल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शोध घेतल्यावर. चार नावं निघाली: अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी आणि... अण्णा जोशी! जगातल्या सगळ्यात गाजलेल्या रॉक अल्बमवर दिलरुबा वाजवणारे आपले अण्णा जोशी पन्नास वर्षं निनावी राहिले.

आता 'द इनर लाइट'कडे येऊ. १९६७ च्या शेवटी हॅरिसन आणि लेनन ध्यानधारणेवर बोलायला डेव्हिड फ्रॉस्टच्या टीव्ही कार्यक्रमात गेले. तिथे चर्चेत केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो होते. मूळचे स्पेनमधल्या मायोर्का बेटावरचे, पण गीतेचं आणि उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलेले गृहस्थ. त्यांना 'विदिन यू विदाउट यू' आवडलं होतं. त्यांनी नोव्हेंबरमध्ये हॅरिसनला पत्र लिहिलं, सोबत स्वतःचं एक संकलन पाठवलं आणि सुचवलं की ह्यातल्या लाओ त्झूच्या ओळींना चाल का लावत नाहीस? त्या ओळी म्हणजे 'ताओ ते चिंग'चा ४७ वा अध्याय. आशय साधारण असा: घराचं दार न उघडताही माणसाला जग कळू शकतं. जितकं लांब जावं तितकं कमी कळतं.

हे गाणं रेकॉर्ड करायला गडी लंडनहून विमानाने मुंबईला आला. आता बोला!

अर्थात तो ह्या गाण्यासाठी आला नव्हता. जो मॅसो नावाच्या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' ह्या सिनेमाचं संगीत त्याच्याकडे होतं आणि त्याला त्यात भारतीय वाद्यं हवी होती. ७ जानेवारी १९६८ ला तो निघाला. मुंबई त्याला नवीन नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता, तेव्हा ताजमध्ये खोट्या नावाने उतरला होता आणि तरीही बिंग फुटलंच. त्या वेळी रविशंकरांचे शिष्य शंभू दास त्याला शिकवायला मदत करत. १९६८ मध्ये वादक जमवायच्या कामातही तेच पुढे होते.

स्टुडिओ होता सर फिरोजशहा मेहता रोडवर, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये. एचएमव्ही म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, आणि ती इंग्लंडच्या ईएमआयच्या पंखाखालची. बीटल्सही ईएमआयचेच. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कंपनीचं इंडिया ऑफिस. ऑनसाइटचा आर्किटेक्ट स्वतः ऑफशोअरला येऊन बसला, काम उरकलं आणि टेप घेऊन परत गेला. हिंजवडीतल्या जनतेला हे मॉडेल वेगळं समजावून सांगायची गरज नाही. फक्त हे हिंजवडीच्या तीस वर्षं आधी झालं.

आणि इन्फ्रास्ट्रक्चरची बोंब? तीसुद्धा ओळखीची! हॅरिसनने नंतर मुलाखतीत ह्याचं मजेशीर वर्णन केलंय. स्टुडिओ ऑफिसांच्या वर. साउंडप्रूफिंगच्या नावाने आनंद. साडेपाच वाजता ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग बंद, कारण जिन्यावरून धडाधडा उतरणाऱ्या बाबू लोकांच्या पायांचा आवाज थेट माइकमध्ये. कान देऊन ऐकलं तर काही तुकड्यांत खालच्या टॅक्सी ऐकू येतात असं तो म्हणाला होता. लंडनच्या महागड्या स्टुडिओत मिळणार नाही असा साउंड इफेक्ट!

रेकॉर्डिंगचं मशीन होतं ते जुनं, मोनो. म्हणजे सगळे वादक एकत्र वाजवणार आणि सगळ्यांचा मिळून एकच ट्रॅक. नंतर 'बासरी जरा कमी कर' म्हणायची सोय नाही. मिक्सिंग म्हणजे कोणाला माइकच्या जवळ बसवायचं आणि कोणाला लांब, बस्स. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन ह्यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन रेल्वेने मुंबईला आणलं, असंही हॅरिसनने सांगितलंय. कलकत्त्याहून, कारण कंपनीचा मुख्य कारभार आणि डमडमचा कारखाना तिकडे. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत खपवण्यात त्यांचा मोठा हात होता. मॅनेजर असावा तर असा. टीमला सर्व्हर लागतोय म्हटल्यावर स्वतः उचलून आणून देणारा.

९ जानेवारीला काम सुरू झालं आणि १३ ला संपलं. सिनेमाचं काम होत आलं तेव्हा हातात थोडा वेळ आणि खोलीभर उत्तम वादक होते. १२ जानेवारीला, शुक्रवारी, 'द इनर लाइट'चं वादन झालं. जॉर्ज मार्टिन नाही, ॲबी रोड नाही, बाकीचे तीन बीटल्स नाहीत. पंचवीस वर्षांच्या हॅरिसनला, खरं तर पंचविशी पुरी व्हायलाही दीड महिना बाकी होता, इथे आपल्याकडच्या अर्थाने 'संगीत दिग्दर्शक' व्हावं लागलं.

वादक कोण होते? सरोदवर अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खान. पखवाजवर महापुरुष मिश्र. हार्मोनियमवर रिजराम देसद. शिवाय शहनाई आणि बासरी. त्या आठवड्याच्या एकूण कामात संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, सतारीवर शंभू दास असे अनेक जण होते. (तारशहनाई म्हणजे शहनाई नव्हे बरं का. तो एसराजच, फक्त त्याला ग्रामोफोनसारखा छोटा कर्णा लावलेला.) ह्यातले बरेच जण सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे. शिवकुमारांनी तर १९६५ च्या 'गाइड'मधल्या 'मोसे छल किए जाय'मध्ये तबला वाजवलाय! ही माणसं सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे, चाल तिथल्या तिथे कानाने टिपून किंवा सरगम कागदावर उतरवून घेणार आणि दोन-चार टेकमध्ये ओके करणार. परक्या माणसाची परकी चाल चटकन उचलून ती आपल्या वाद्यातून खरी वाटेल अशी वाजवणं हा त्यांचा रोजचा धंदा. म्हणूनच हे गाणं उभं राहिलं. ऐका कधीतरी. मधले वाद्यांचे तुकडे खळाळत धावतात आणि गाणारा आला की सगळे एकदम मवाळ होतात, त्याला जागा देतात. हे सांगून येत नाही, ते अंगात लागतं.

टेप लंडनला गेली. ६ फेब्रुवारीला ॲबी रोडमध्ये मुंबईचे दोन ट्रॅक चार ट्रॅकच्या टेपवर उतरवले, म्हणजे आवाजासाठी जागा झाली. आता हॅरिसन अडला. इतका वरचा सूर आपल्याला झेपेल का? त्या दिवशी स्टुडिओत हजर असलेल्या जेरी बॉइज ह्या तंत्रज्ञाने पुढे सांगितलंय की पॉल आणि जॉनने त्याला धीर दिला आणि मग तो गायला. दोन दिवसांनी, ८ तारखेला, शेवटच्या ओळीला त्या दोघांनी आपला आवाज जोडला. संपलं! ह्या गाण्यातला बाकीच्या बीटल्सचा वाटा एवढाच.

तेव्हा सगळ्यांना घाई होती. फेब्रुवारीच्या मध्यात ते ऋषीकेशला महर्षी महेश योगींकडे जाणार होते आणि ते नसताना बाजारात काहीतरी हवं होतं. सुट्टीवर जायच्या आधी रिलीज ढकलायचं, हे दडपण तेव्हाही होतं! ए साइडला 'लेडी मॅडोना' ठरलं. बी साइडसाठी लेननचं 'अक्रॉस द युनिव्हर्स' होतं, पण रेकॉर्डिंगवर तो स्वतःच खूश नव्हता. ते मागे पडलं आणि मुंबईचं गाणं आत आलं. हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर यायची ही पहिलीच वेळ. इंग्लंडमध्ये सिंगल पहिल्या नंबरवर गेलं, अमेरिकेत चौथ्या. तिकडच्या यादीत बी साइडचीही वेगळी नोंद झाली, एक आठवडा, ९६ व्या क्रमांकावर. म्हणजे फर्स्ट क्लास नाही पण पास. आपल्या फोर्टच्या खोलीतला पखवाज अमेरिकेच्या टॉप हंड्रेडमध्ये!

आता मुद्द्यावर येतो.

त्या तबकडीवर नावं कोणाची? गट म्हणून बीटल्सचं. गीतकार-संगीतकार म्हणून हॅरिसनचं. मुंबईतल्या एकाचंही नाही. सिंगलच्या लेबलवर वादकांची नावं छापायची तेव्हा पद्धतच नव्हती, त्यामुळे हा मुद्दाम केलेला अन्याय वगैरे नाही. पण पैशाचा हिशोब बघा. बी साइडच्या गीतकार-संगीतकाराला प्रत्येक प्रतीमागे ए साइडच्या कर्त्याइतकेच पैसे मिळतात, लोकांनी ती बाजू एकदाही वाजवली नाही तरी. सेशनच्या वादकाला मिळते त्या दिवसाची बिदागी. रेकॉर्ड शंभर खपो की लाख.

हॅरिसनने १ नोव्हेंबर १९६८ ला 'वंडरवॉल म्युझिक' ही एलपी काढली, बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीची पहिली एलपी. तिच्या कव्हरवर त्याने मुंबईच्या वादकांची नावं वाद्यांसकट छापली. हे त्याचं मोठेपण, मान्यच करायला हवं. स्पेलिंगची मात्र दाणादाण आहे. शिवकुमार शर्मांचे 'शर्मार' झालेत. शहनाईवाल्यांचं तर आडनावच नाही: शरद आणि हनुमान, एवढंच. पुढच्या पुस्तकांत ह्या हनुमानाचं आडनाव रोमन लिपीत आलंय ते वाचलं तर 'जादेव' होतं. इंग्रज लेखक ते तसंच पुढच्या पुस्तकात उतरवतो. मराठी माणूस मात्र वाचताक्षणी मनात दुरुस्त करतो: अरे, हे तर आपले जाधव असणार!

आणि बासरी? इथे खरी मेख आहे. एलपीच्या कव्हरवर बासरीसमोर एकच नाव आहे, एस. आर. केंकरे. नंतरच्या बहुतेक याद्यांमध्ये 'द इनर लाइट'च्या बासरीसमोर नाव दिसतं हरिप्रसाद चौरसियांचं. आता हरिजी त्या काळात मुंबईतच होते, सिनेमांसाठी वाजवत होते. १९७४ मध्ये हॅरिसनने रविशंकरांबरोबर जो युरोप-अमेरिकेचा दौरा काढला त्यात ते होते. त्यामुळे त्यांचं नाव येणं अगदी स्वाभाविक आहे. दोघांनीही वाजवलं असेल. सवाई गंधर्वला रमणबागेच्या मैदानात थंडीत शाल पांघरून हरिजींची बासरी ऐकलेल्या पुणेकराला तर ते नाव वाचून भरूनच येतं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. छापील कव्हरवर असलेलं केंकरे हे नाव हळूहळू मागे का पडावं? कारण सिंगलवर नाव नव्हतं. जागा रिकामी होती. आणि इतिहासात रिकामी जागा राहिली की ती मोठ्या नावाने भरते. कोणी लबाडी करावी लागत नाही, ते आपोआप होतं.

हे फक्त साहेबांच्या रेकॉर्डचं नाही. आपल्या हिंदी सिनेमाच्या तबकड्या काढून बघा. नट, गायक, संगीतकार, गीतकार आहेत. शंभर वादकांचा ताफा गायब. त्यातले कितीतरी गोव्याचे होते, पाश्चात्य नोटेशन लिहिणारे, अख्खी अरेंजमेंट करणारे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. त्यांचं नाव देशभर झालं ते १९७७ मध्ये, शिष्याने सिनेमातल्या एका गाण्यात ते घातलं म्हणून! तेही लोकांना अमिताभच्या पात्राचं नाव म्हणून माहीत. कायद्याने सादरकर्त्यांचे हक्क भारतात मान्य झाले १९९४ च्या दुरुस्तीने, आणि २०१२ मध्ये ते आणखी पक्के झाले. १९६८ च्या जानेवारीत शहनाई वाजवून संध्याकाळी घरी गेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मला हा विषय एवढा का लागला? कारण आम्ही सॉफ्टवेअरवाले नेमके ह्याच जातीचे. आम्ही लिहिलेलं कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी बँकेत रोज चालतं, त्यावर नाव क्लायंटचं. तक्रार नाही, पगार वेळेवर मिळतो. पण आमच्याकडे एक सोय आहे. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड आहे. कुठल्याही ओळीवर चालवली की ती कोणी, कोणत्या दिवशी लिहिली हे बाहेर येतं. नाव वाईट आहे, शिव्या घालायलाच जास्त वापरतात. पण दहा वर्षांनी कोणालातरी कळू शकतं की ही ओळ ह्या माणसाची. त्या मुंबईच्या टेपवर ही कमांड चालत नाही. तिथे कोणीतरी वहीत लिहून ठेवायला हवं होतं. अनिल भागवतांना अभिमान वाटला तो पैशांचा नाही. आपण तिथे होतो हे छापलेलं आहे, एवढ्याचाच.

२०१४ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' नव्याने निघाली तेव्हा तिच्यात 'द इनर लाइट'चं आवाजाशिवायचं, नुसत्या वादनाचं रूप घातलं गेलं. सुरुवातीला हॅरिसन वादकांशी बोलताना ऐकू येतो. हे रूप आधी ऐका. गायक नसला की कान आपोआप वादकांकडे जातात. शिवकुमार शर्मा २०२२ मध्ये गेले, आशिष खान २०२४ मध्ये. त्या खोलीत कोण कुठे बसलं होतं हे सांगू शकणारी माणसं कमी कमी होत चालली आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, वाड्यात, सोसायटीत असा कोणी जुना वादक असेल, सिनेमाला, रेडिओला, नाटकाला, भावगीतांच्या रेकॉर्डिंगला वाजवलेला, तर ह्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसा. चहा घ्या. कोणत्या गाण्यात वाजवलंत, शेजारी कोण होतं, किती वाजता सुटलात, सगळं विचारा. आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी लिहून ठेवा. आडनावासकट. तेही शुद्धलेखन तपासून!